जुन्या हत्यारांवरचे मुलामे : एका प्रदर्शन-पुस्तिकेचं परीक्षण

गेल्या हिवाळ्यात बेळगावात जुन्या हातहत्यारांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. पाने, रंधे, ड्रिल, कानशी, व्हाइस, सायकल दुरुस्तीची सामग्री असं बरंच काही मांडलेलं होतं. सोबत एक छोटी पुस्तिकाही निघाली. आयोजकांचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण मला भांडण करायचं नाही. पण याच पुस्तिकेतल्या नोंदी आता एका कायमच्या दालनातल्या पाट्यांवर जाणार आहेत असं कळलं, म्हणून हा लेख. छापलेली चूक पुस्तिकेत राहिली तर कपाटात राहते. तीच पाटीवर गेली की पोरं ती वहीत उतरवून घेतात.

आधी चांगलं ते सांगतो. हत्यार कुणाच्या घरातून आलं, कोण वापरत होतं, कुठल्या कामाला, हे जवळजवळ प्रत्येक नोंदीत आहे. मापं मिलिमीटरमध्ये आणि काळजीने घेतलेली आहेत. कारागिरांची नावं मालकांच्या नावांच्या बरोबरीने छापली आहेत. हे आपल्याकडे क्वचित होतं. हे काम ज्यांनी केलं त्यांनी घरोघरी फिरून, माळ्यावरच्या पेट्या उतरवून केलं, आणि मी ते केलेलं नाही.

माझी तक्रार एका रकान्यापुरती आहे. प्रत्येक नोंदीत "मुलामा / रंग" असा एक रकाना आहे आणि तो डोळ्यांनी बघून, अंदाजाने भरलेला आहे. असू दे की, रंग काय एवढा मोठा विषय आहे, असं कुणी म्हणेल. मी पंचवीस वर्षं कारखान्यांत काढली, त्यातली बरीचशी प्लेटिंगच्या टाक्यांजवळ. त्या अनुभवावरून सांगतो, हत्याराच्या अंगावरचा मुलामा हा त्याचा जन्मदाखला नसला तरी शाळा सोडल्याचा दाखला नक्की असतो. कुठल्या काळाच्या आधी हे होऊच शकत नाही, एवढं तो सांगतो.

चार नोंदी घेतो.

पहिली नोंद एका दुतोंडी पान्याची आहे. "चांदीसारखा निकेल मुलामा. सन 1888. किर्लोस्करांच्या सायकल दुकानातील. निर्माता : क्रोम व्हॅनेडियम कंपनी."

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि 1910 मध्ये बस्तान कुंडल रोडला हलवलं, हे खरं आहे आणि आपल्या गावाला त्याचा अभिमान आहे. त्या काळात निकेलचा मुलामाही होता. बोस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्सने निकेल प्लेटिंगचं पेटंट 1869 मध्ये घेतलं आणि पुढच्या वीस वर्षांत सायकली, कुलपं, शस्त्रक्रियेची हत्यारं यांच्यावर निकेल सर्रास चढू लागलं. म्हणजे हा पाना खरंच निकेलचा असता तर 1888 ची गोष्ट निदान शक्य कोटीतली होती.

पण तो निकेलचा नाही. मी तो खिडकीपाशी नेला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि शेजारी 1950 सालचा एक रुपया ठेवला. ते नाणं शुद्ध निकेलचं आहे. चुंबकाला चिकटतं, करून बघा. निकेलच्या पांढऱ्यात एक ऊबदार, किंचित पिवळसर छटा असते. वर्षं गेली की त्यावर धुरकट मंद थर येतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तर लवकर येतो. पानाचा पांढरा मात्र निळसर, थंड. न्हाणीघरातल्या नव्या नळाचा असतो तसा. तो क्रोमियमचा रंग. क्रोम निकेलसारखं मंद होत नाही. ते टिकतं तोवर चकाकतं आणि जातं तेव्हा खपल्या होऊन जातं. भिंगातून पाहिलं तर खपलीच्या कडेला खाली पिवळसर थर दिसला. तो निकेल. चकचकीत क्रोमच्या खाली सहसा निकेलचा थर देतात, कारण गंज अडवण्याचं खरं काम निकेल करतं. क्रोम वर पातळसं असतं.

क्रोमियम प्लेटिंग व्यापारी प्रमाणावर चालू झालं ते 1920 च्या दशकाच्या मध्यात. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा. 1888 मध्ये जगातल्या कुठल्याच दुकानात क्रोमचा पाना नव्हता, बेळगावात कुठून येणार?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाना जुना असेल आणि मुलामा नंतर चढवला असेल, असं का नसेल? आपल्याच गावात सायकलचे हँडल आणि रिम पुन्हा प्लेट करून देणारे होते. बरोबर आहे. म्हणून नुसता मुलामा ओळखून थांबायचं नसतं, मुलाम्याखाली काय आहे ते बघायचं. वापरलेला पाना पुन्हा प्लेट करायचा तर आधी बफावर घासावा लागतो. त्यात ठशातल्या अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि गंजाचे खड्डे राहिलेच तर ते मुलाम्याखाली झाकले जातात पण बुजत नाहीत. या पान्यावरची अक्षरं धारदार आहेत, खाली खड्डे नाहीत. शिवाय ती अक्षरं काय सांगतात ते तर वाचा. "क्रोम व्हॅनेडियम" हे कंपनीचं नाव नाही, पोलादाची जात आहे. व्हॅनेडियमचं पोलाद कारखान्यांत रुळलं ते विसाव्या शतकात. पुस्तिकेने जे निर्मात्याचं नाव म्हणून उतरवलं, तेच तिच्या तारखेविरुद्ध साक्ष देतंय.

दुसरी नोंद. "रिंग पाना, सोन्याचे पाणी दिलेला. बहुधा भेट म्हणून मिळालेला."

ही नोंद वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. पान्यावर पिवळसर, इंद्रधनुषी झाक आहे; उजेडात हलवला की हिरवट-गुलाबी फिरते. एका कोपऱ्यात बाणाची खूण आहे, ब्रिटिश सरकारी मालावर असते ती. सोनं देऊन कुठलं लष्कर पाने वाटतं?

मी मालकांची परवानगी घेऊन तो शहापुरातल्या एका सराफाकडे नेला. सराफांकडे हल्ली दागिन्याचा कस बघायचं क्ष-किरणांचं यंत्र असतं. दागिना न घासता, न वितळवता आतले धातू सांगतं. सराफाने आधी माझ्याकडे बघितलं, मग पान्याकडे, मग म्हणाला, "हे कशाला आणलासा काका?" पडद्यावर सोन्याच्या जागी शून्य. कॅडमियम मात्र ठळक. त्याला ते लगेच कळलं, कारण कॅडमियम सराफांच्या ओळखीचं आहे. "केडीएम" दागिने म्हणजे कॅडमियमच्या डाकाने जोडलेले. त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना बाधतो, म्हणून ती पद्धत मागे पडली.

कॅडमियमचा मुलामा मूळचा चंदेरी-करडा, मऊ, साबणासारखा हाताला लागणारा. त्यावर बायक्रोमेटच्या द्रावणात बुचकळून काढलं की ही सोनेरी झाक येते. धंद्याच्या प्रमाणावर कॅडमियम प्लेटिंग आलं ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि विमानांच्या सुट्या भागांवर त्याचा खूप वापर झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत निकेल आणि क्रोमियम पोलादासाठी आणि युद्धसामग्रीसाठी राखून ठेवलं गेलं. मग चकचकीत क्रोमचे पाने काढणाऱ्या कंपन्या कॅडमियम, जस्त, फॉस्फेट किंवा नुसता काळा ऑक्साइड यांवर आल्या. म्हणून एरवी चकचकीत असणारं हत्यार करडं किंवा काळं दिसलं, की माझ्यासारख्याला आधी युद्धकाळ आठवतो.

पोटात गोळा का आला, तर पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिलंय की "सर्व वस्तू तारेच्या ब्रशने स्वच्छ करण्यात आल्या." कॅडमियमच्या मुलाम्यावर तारेचा ब्रश म्हणजे त्याची भुकटी हवेत. एका पान्याने कुणी मरत नाही, घाबरवायचं म्हणून सांगत नाही. पण बंद खोलीत, मास्क न लावता, विद्यार्थ्यांकडून पेटीभर हत्यारं घासून घ्यायची हे बरं नव्हे. सोनेरी किंवा मऊ करडं दिसतंय आणि खात्री नाही, तर घासू नका. जस्तावरही अशीच पिवळी झाक देतात आणि डोळ्यांनी दोन्हींत फरक करणं मलाही नेहमी जमत नाही. यंत्रावर नेईपर्यंत कॅडमियमच आहे असं समजून वागावं.

तिसरी नोंद लोखंडी रंध्याची. "शेफील्ड, रेकॉर्ड कंपनी. मूळ काळा, नंतर कुणीतरी निळा ऑइलपेंट मारलेला. मूळ स्वरूपात आणण्याचे काम चालू."

हे काम कृपा करून थांबवा. रेकॉर्डचे लोखंडी रंधे 1930 च्या दशकापासून निळ्या रंगातच येत. तो निळा ही त्या कंपनीची ओळख होती. मूळ काळा असणार हा समज आला तो अमेरिकन स्टॅनली रंध्यांवरून, कारण त्यांच्या ओतीव अंगावर काळं जपान असायचं. म्हणजे "मूळ स्वरूपात" आणण्याच्या नावाखाली मूळच खरवडून निघणार.

चौथी गोष्ट एक नोंद नाही, अकरा नोंदी आहेत. सगळ्यांपुढे दोनच शब्द : "काळा रंग". त्या अकरा वस्तू मी भिंगाखाली पाहिल्या आणि निदान चार वेगवेगळे काळे सापडले.

एक काळं जपान. डांबराच्या जातीचं अस्फाल्ट, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण ओतीव लोखंडावर लावून भट्टीत भाजायचं. थर जाड, चमकदार, ओतकामाचे बारीक खड्डे भरून काढणारा. फुटतो तो काचेसारखा, तुकड्याने.

दुसरं काळं ऑक्साइडचं. ते लावलेलं नसतं, लोखंडाच्याच कातडीचं केलेलं असतं. जाडी जवळजवळ नाही, म्हणून खालच्या मशीनच्या रेघा स्वच्छ दिसतात. जुन्या रीतीत मुद्दाम तांबूस गंज आणून तो पाण्यात उकळत, की तो काळा होई. मग खरवडून पुन्हा तेच, असे अनेक फेरे. नंतर गरम क्षारांच्या टाक्या आल्या.

तिसरं फॉस्फेटचं. करडं-काळं, निस्तेज, नखाला खरखरीत. तेलाचा थेंब टाकला तर ते पिऊन घेतं. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉसलेटने 1906 मध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत पार्कर नावाने ते प्रसिद्ध झालं आणि दुसऱ्या महायुद्धात बंदुकांवर सगळीकडे दिसलं.

चौथं म्हणजे घडाईचा खपला. लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या लोखंडावर आपोआप येतो. हा मुलामाच नव्हे. पण त्या अकरांतल्या तीन वस्तूंवर हाच आहे, आणि त्या तिन्ही माझ्या मते विलायती नसून इथल्याच लोहारांच्या हातच्या आहेत. पुस्तिकेने त्या "आयात" या विभागात घातल्यात! काळ्याचा प्रकार बघितला असता तर आपल्याच माणसांची तीन कामं आपल्या खात्यावर आली असती.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर हे सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांच्या पेटीत एक मंकी पाना होता, त्यांनी भंगार बाजारातून आणलेला. त्याच्या अंगावर निळे, तपकिरी, राखाडी ढग होते, तेल सांडलेल्या पाण्यावर दिसतात तसे. मला वाटलं कुणीतरी तो आगीत टाकला असणार, भाजल्याचे डाग. वर्कशॉपमध्ये नुकतंच बफिंग शिकलो होतो. एका दुपारी आधी एमरी, मग बफ, आणि पाना आरशासारखा करून वडिलांच्या पुढे ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "झक्क झालाय. कुणाचा हा?" त्यांना स्वतःचा पाना ओळखता आला नाही.

ते ढग म्हणजे काय हे मला पुढे पंधरा-वीस वर्षांनी कळलं. कमी कार्बनचं मऊ पोलाद हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात पुरून, डब्यात बंद करून साधारण साडेआठशे-नऊशे अंश सेल्सियसला तापवायचं आणि खळबळत्या पाण्यात एकदम सोडायचं. बाहेरची कातडी कार्बन पिऊन कडक होते, आतलं मऊ राहतं, आणि वरती ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हे रंग देतो. कुठल्याही दोन वस्तूंवरचे ढग सारखे येत नाहीत. वडील त्याच ढगांवरून आपला पाना ओळखत असणार. हा थर एवढा पातळ असतो की वर्षानुवर्षांच्या वापरानेसुद्धा मुठीच्या जागी जातो. माझ्या बफाला दहा मिनिटंही लागली नाहीत. पाना अजून माझ्याकडे आहे. जबड्याच्या आत, जिथे बफ पोचला नाही, तिथे बोटाच्या पेराएवढा निळा शिल्लक आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मूळ मुलामा बघायचा तर आधी तिथे बघा : नटाखाली, जबड्याच्या पाठी, ठशाच्या अक्षरांत, मुठीच्या लाकडाखाली.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला दोन महिने लावले ती. तो 1888 चा पाना ज्यांच्या घरचा, ते गृहस्थ ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांच्याकडे गेलो, भिंग दिलं, रुपया दिला, खपलीखालचा पिवळा थर दाखवला. त्यांनी शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलायचे म्हणा की."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी विचारलं, आजोबा नेमकं काय म्हणायचे? तेव्हा कळलं की आजोबांनी 1888 कधीच म्हटलं नव्हतं. ते म्हणायचे, "किर्लोस्करांच्या दुकानात मी सायकल उघडायला शिकलो." साल पुस्तिका करताना कुणीतरी दुकानाच्या स्थापनेवरून जोडलं, आणि शिकण्याची गोष्ट पान्याला चिकटली. आणि तो सोनेरी पाना त्यांच्याच पेटीतला आहे. युद्ध संपल्यावर कॅम्पातून निघालेला लष्करी माल आजोबांनी पगारातले पैसे बाजूला टाकून घेतला, हे त्यांच्या नातवाला पक्कं आठवतंय, कारण त्या महिन्यात घरात त्यावरून कुरबुर झाली होती. म्हणजे आजोबांचं बोलणं आणि हत्यारांचे मुलामे एकमेकांना धरून आहेत. न बसणारी एकच गोष्ट होती, आपली पाटी.

एवढं ऐकल्यावर ते म्हणाले, "मग असंच लिवा की." माझीही दालनाच्या मंडळींना तेवढीच विनंती आहे. पाटीवर लिहा : क्रोम मुलाम्याचा पाना, 1920 च्या दशकाच्या मध्यानंतरचा, मालकाने सायकलकाम किर्लोस्करांच्या दुकानात शिकल्याची कुटुंबातील आठवण. यात 1888 नाही म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा तो रकाना दोन भागांत करावा : "काय दिसते" आणि "काय असावे". पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसलेलं, रंग, चमक, जाडी, खपली की भुकटी. दुसऱ्यात निष्कर्ष, तोही कशावरून ते सांगून. उद्या माझा निष्कर्ष चुकीचा ठरला तरी पहिला रकाना पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल. आणि प्रस्तावनेतलं ते तारेच्या ब्रशचं वाक्य काढून त्या जागी मऊ फडकं आणि हलकं तेल लिहावं.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती उतरवा, पण घासू नका. मंडळाच्या बैठकीला जशी असेल तशी, धुळीसकट घेऊन या. भिंग आणि रुपया मी आणतो.